बातमीतला अंगठा

सत्तावीस वर्षं माझ्या बातम्यांवर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच छापून येत होतं. चौलपासून खाली दिघीपर्यंतचा किनारा माझ्याकडे होता. जेट्टीला बोट लागली नाही, वाडीत वानरं शिरली, पुलाचा कठडा पडला, असल्या बातम्यांत ‘मी’ हा शब्द कधी लागत नाही. त्यामुळे या लेखात तो अडखळत आला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तालुक्याचा वार्ताहर म्हणजे काय, हे शहरातल्या माणसांना सांगावं लागतं. त्याला पगार नसतो. छापून आलेला मजकूर सेंटिमीटरवर मोजून मानधन मिळतं. सकाळी पोलीस ठाणं, मग पंचायत समिती, मग ग्रामीण रुग्णालय, अशी फेरी मारायची आणि संध्याकाळी सहाच्या आत मजकूर पाठवायचा. लोकही आपणहून येतात. एका गृहस्थांनी स्वतःच्या सत्काराची बातमी आदल्या दिवशीच लिहून आणली होती, टाळ्यांच्या कडकडाटासह. विहिरीत पडलेल्या बैलाच्या बातमीत मी विहीर ‘पडकी’ असल्याचं लिहिलं, म्हणून दुसरे एकजण भांडायला आले. मुलीची सोयरीक चालू होती आणि समोरची मंडळी पेपर वाचणारी होती.

त्या विहिरीनंतर आमच्या जुन्या उपसंपादकांनी मला एक शिस्त लावली. ते म्हणाले, “विशेषण लिहू नका, माप लिहा. विहीर किती हात, कठडा किती हात. वाचणारा ठरवेल पडकी की धड.” तेव्हापासून मी मापं लिहिली. भरतीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, होडीच्या फळीला केवढी चीर होती. या नेमकेपणाचा मला अभिमान होता. तो अजून आहे. पण ज्या प्रसंगाबद्दल लिहितो आहे त्यानंतर तो पूर्वीसारखा राहिला नाही.

कुणाचं नाव झाकायचं असेल तर आमच्याकडे तीन रीती असतात. गाव लिहायचं नाही. एकाचे ‘काही’ करायचे. आणि सगळ्यात पक्की रीत म्हणजे नाव विचारायचंच नाही. वहीत नसलेलं नाव चुकून छापलं जात नाही. प्रसंग घडला ते गाव मी आजही लिहीत नाही. या किनाऱ्यावर सुपारीच्या वाड्या नाहीत असं गाव शोधावं लागेल, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या दुपारची माझ्या वहीतली नोंद चार ओळींची आहे. आठवणीत मात्र ती दुपार फार लांब आहे. इतकी, की त्या वर्षातल्या बाकीच्या सगळ्या दुपारी तिच्यातच विरघळल्यासारख्या वाटतात. सुपारीचा भाव विचारायला मी एका वाडीत गेलो होतो. बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं होतं. आत शिरल्यावर ते हिरवं झालं. पोफळी इतक्या उंच आणि सरळ, की त्यांच्यामधून चालताना आपण पाण्याखालून चाललो आहोत असा भास व्हावा. वर झावळ्या हलत होत्या, पण वारा खाली पोचत नव्हता. पंप बंद पडला होता आणि पाटातलं उरलेलं पाणी सावकाश सरकत होतं. कुठेतरी समुद्र होता. त्याचा आवाज येत होता की आपल्याच कानात होता, ते सांगता येत नव्हतं.

खळ्यावर पाच-सहा बाया सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांच्यात वयाने मोठ्या अनसूयाकाकी. जमिनीत रोवलेल्या पात्यावर सुपारी दाबायची, वळवायची, साल वेगळी आणि गर वेगळा. मजुरी वजनावर. टोकाला एक मुलगी बसली होती. विशीच्या आतबाहेरची. तिचे डोळे जवळजवळ मिटलेले होते, हात चालू होते आणि ओठही.

“पहिली अवस्था, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत. दुसरी अवस्था, बाळ बाहेर येईपर्यंत. तिसरी अवस्था, वार पडेपर्यंत…”

दर अवस्थेला एक सुपारी सोलून होत होती.

“ही बाय झोपंतसुद्धा बाळतपनं करते,” काकी मला म्हणाल्या. “आमी सुपाऱ्या सोलतो, ही पोरं काढते. तुमी पेपरवाले ना? मंग भाव काय लिवता, हिचं लिवा.”

मुलीने डोळे उघडले. “काकी, गप ना.”

“काय गप? पाच म्हयने झाले, सरकार गप हाय, तू बी गप हायेस.”

ती परिचर्येची विद्यार्थिनी होती. जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रातून सहाजणींना गावच्या रुग्णालयात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी पाठवलं होतं. मुली त्याला पोस्टिंग म्हणतात. ही व्यवस्था बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. पोस्टिंगवरच्या मुली शिकत असतात आणि कामही करत असतात. ताप बघणं, नाडी बघणं, ड्रेसिंग, बाळंतिणीला उठवून बसवणं, बाळाला आंघोळ. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांत त्या मोजल्या जात नाहीत, पण त्या आल्या नाहीत तर वॉर्ड चालत नाही. या काळासाठी त्यांना विद्यावेतन असतं. ते दरमहा मिळावं असा नियम आहे. मिळतं ते अनुदान आलं की. त्यांचं काम मात्र अनुदान येईपर्यंत थांबत नाही.

“सकाळची ड्यूटी दोनला सुटते,” ती म्हणाली. “तीन ते सहा इथे. मेसवाल्या मावशी चांगल्या आहेत, पण त्यांनी तरी किती दिवस थांबायचं? बाबा कंपनीत कंत्राटावर आहेत, त्यांना सांगितलं तर ते पाठवतील. मग धाकट्याची फी राहील. म्हणून सांगितलेलं नाही.”

“बाकीच्या मुली?”

“दोघींचं घरून येतं. दोघी अर्धं जेवतात. एक रविवारी घरी जाते आणि आठवड्याच्या भाकऱ्या घेऊन येते. तिसऱ्या दिवसापासून त्या पापडासारख्या लागतात, पण ती वाटते सगळ्यांना.”

परीक्षेला बसायचं तर वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने झालेली असावी लागतात. प्रत्येकाची नोंद केस-बुकात, प्रत्येकाखाली शिकवणाऱ्या मॅडमची सही. तिची सतरा झाली होती. पोस्टिंगचे बारा दिवस उरले होते. एवढ्यात तीन व्हायला हवीत, नाहीतर परीक्षा गेली.

“मी लिहिलं तर चालेल?” मी विचारलं.

तिने सुपारी खाली ठेवली. “लिहा काका. पण मॅडमना कळता कामा नये. प्रवेश घेताना हमीपत्रावर सही घेतात, शिकत असताना दुसरं काम करणार नाही म्हणून.”

“नाव सांगू नकोस. मला ठाऊकच नसलं तर छापणार कुठून?”

“नाव बी नको?” काकी हसल्या. “मंग काय लिवता वहीत, वजन?”

मी काय लिहीत होतो ते वहीत आहे. ‘उजव्या अंगठ्याच्या पेरावर तपकिरी डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. ओल्या सालीच्या रसाचा. साबणाने जात नाही. शेजारी पात्याची चीर, अर्ध्या नखाएवढी. त्यावर निळ्या काठाची चिंधी.’ एवढ्याच त्या चार ओळी.

पुढचं वहीत नाही. बोलता बोलता मुलीची मान कलली. हातात सुपारी तशीच, ओठ अर्धे उघडे, बहुतेक तिसऱ्या अवस्थेत. कुणी तिला उठवलं नाही. बायांनी आवाज खाली आणले. सुपारीवर पातं बसल्याचा कट् असा आवाज तेवढा येत राहिला, पावसानंतर झावळीवरून थेंब पडावेत तसा. ऊन खळ्यावरून सरकून तिच्या पायांपर्यंत आलं, तेव्हा एका बाईने आपली टोपली हलवून तिथे सावली केली. काकींनी आपल्या ढिगातल्या सोललेल्या सुपाऱ्या ओंजळीने घेतल्या आणि मुलीच्या टोपलीत टाकल्या. मग पुन्हा एकदा. किती ओंजळी टाकल्या ते मी मोजलं नाही, म्हणून बातमीत ते आलं नाही.

जेट्टीवरच्या बाकावर बसून मी फोनवर मजकूर टाइप केला. पाठवल्यावर दहा मिनिटांत डेस्कवरच्या मुलाचा फोन आला.

“काका, सुपारी सोलणारी मुलगी एकच आहे का?”

“छापताना ‘काही विद्यार्थिनी’ करा.”

“केलंय. पण मग ते सरकारी पत्रक वाटतंय हो. एखादा डिटेल द्या ना. डोळ्यांपुढे उभं राहील असा.”

माझ्याकडे तो होता. मी वहीतल्या चारही ओळी वाचून दाखवल्या. “क्या बात है,” तो म्हणाला. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर तीन कॉलम बातमी आली. विद्यावेतन रखडलं, भावी परिचारिका सोलतात सुपारी. कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, रुग्णालयही नव्हतं. अंगठा होता. डाग, चीर, निळ्या काठाची चिंधी, सगळं बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बातमीचा परिणाम झाला. विधानसभेचं अधिवेशन तोंडावर होतं, कुणीतरी विचारील अशी धास्ती होती. कारण काही असो, आठव्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या विद्यार्थिनींच्या खात्यांत पाच महिन्यांचं विद्यावेतन जमा झालं. आमच्या पेपरने ‘बातमीचा परिणाम’ अशी चौकट टाकली. संपादकांचा शाबासकीचा निरोप आला. एवढ्या वर्षांत असे निरोप तीन आले, त्यातला हा दुसरा.

मी पेढे घेऊन वाडीत गेलो. तीच वेळ, तोच हिरवा उजेड. टोकाची जागा रिकामी होती.

“गेली ती,” काकी म्हणाल्या.

“कुठे?”

“आता आमाला ईचारता? अंगठ्याचं तुमीच ना लिवलंत? हितं पेपर येतो. वाचता आमाला येत न्हाय, पन वाचून दाखवनारे हायत.” त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला नाही, परतही केला नाही. तो खळ्याच्या कडेला माझ्या चपलांशेजारी राहिला.

मी रुग्णालयात गेलो. दुपारची शांत वेळ होती. व्हरांड्यात धुतलेल्या लाल रबरी चादरी वाळत होत्या आणि कुठल्यातरी खोलीत एक तान्हं मूल रडून रडून झोपेला आलं होतं. मुलींना शिकवणाऱ्या मॅडम बाकावर बसून केस-बुकं तपासत होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणाऱ्या. मी ओळख सांगितली.

“आमच्याकडे एक पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “प्रसूतिकक्षात जाण्याआधी रोज सकाळी मुली रांगेत उभ्या राहतात आणि हात पुढे करतात. नखं, अंगठ्या, जखमा. जखम असेल तर त्या दिवशी आत सोडायचं नाही. बाळंतिणीला धोका, मुलीलाही.”

“म्हणजे बातमीनंतर तुम्ही हात तपासले.”

“हात मी रोजच तपासते, भाऊ. तो डाग मी तुमच्या आधी तीन आठवडे बघत होते.”

मी वही मिटली.

“मी कोकणातली आहे. सुपारीचा डाग मला ओळखू येत नाही? रोज तिचा हात मी सगळ्यांत शेवटी बघायचे आणि पटकन पुढे जायचे. चीर पडली त्या दिवशी मीच तिला दोन हातमोजे घालायला लावले आणि बाळाच्या कामावर ठेवलं. दोन दिवसांत भरली असती. मी काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला काही कळवावं लागत नव्हतं. कळलं तुम्हाला?” त्यांनी केस-बुक मिटलं. “तुमच्या बातमीच्या दिवशी सकाळी पोस्टिंगच्या सगळ्या रुग्णालयांत वरून फोन गेले, मलाही आला. विद्यावेतनाचं कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, बातमीतला अंगठा कोणाचा? मी म्हटलं, बघून सांगते. मग जिल्ह्याचे साहेब स्वतःच फिरत फिरत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. सहाजणी, बारा हात. ती पाचवी होती.”

हमीपत्र मोडलं म्हणून तिला त्याच दिवशी केंद्राच्या वसतिगृहात परत पाठवलं होतं. बाळंतपणं सतराच राहिली. परीक्षा गेली.

“तिचं नाव काय?” मी विचारलं.

मॅडमनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत नाही?” त्या म्हणाल्या. “मग असू द्या.”

संध्याकाळी मी डेस्कला फोन करून दुसरी बातमी देतो म्हणालो. तो मुलगा सभ्य होता. “काका, विद्यावेतन तर मिळालं. एका मुलीची परीक्षा गेली ही बातमी होत नाही. तिची तक्रार आहे का? नाव आहे का?” दोन्ही नव्हतं. पुढच्या महिन्याच्या मानधनात त्या तीन कॉलमांचे सेंटिमीटर धरलेले होते, चौकटीसकट.

नंतर अनेक वर्षं मी त्या किनाऱ्यावरून फिरलो. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत, काशीदच्या सुरूंच्या सावलीत, कुठेही पांढऱ्या कपड्यातली मुलगी दिसली की माझी नजर आधी तिच्या अंगठ्यावर जायची. दुपारच्या धुरकट उजेडात प्रत्येक अंगठ्यावर डाग असल्यासारखा वाटायचा. जवळ गेल्यावर तो नसायचा. मग मी निवृत्त झालो. म्हणजे सेंटिमीटर पाठवणं थांबवलं.

गेल्या वर्षी फाटकाच्या गंजक्या पत्र्याने माझा हात कापला. घरातल्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेण्यासाठी जवळच्या उपकेंद्रात पिटाळलं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, मागे केवड्याचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. भर दुपार. ओहोटी इतकी लांब गेली होती की पाणी आणि आकाश यांत फरक राहिला नव्हता. पडवीत कुणी नव्हतं. आत सिस्टर लसींच्या पेटीतला बर्फ बदलत होती.

“बसा. हात दाखवा.”

मी हात पुढे केला. तिने तो उजेडात धरला, उलटा केला, बोटं एकेक करून पाहिली. जखम तळव्याला होती. बोटं पाहायची गरज नव्हती.

“शाईचा डाग गेला तुमचा,” ती म्हणाली. “तेव्हा होता, मधल्या बोटावर. वाटाण्याएवढा.”

मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, फक्त अर्ध्या नखाएवढी पांढरी रेघ.

जखम धुता धुता ती बोलत राहिली, माहिती द्यावी तसं. पुढच्या परीक्षेपर्यंतचे सहा महिने ती घरून परत येऊन पुन्हा काकींबरोबरच सुपारी सोलत होती. मग परत पोस्टिंग, उरलेली तीन बाळंतपणं, परीक्षा, ही कंत्राटी नोकरी. काकी दोन वर्षांमागे वारल्या. त्यांच्या नातीचं बाळंतपण हिनेच केलं.

“विद्यावेतन मिळालं होतं तुला?”

“मिळालं ना. सगळ्यांबरोबर माझंही आलं. तुमच्या बातमीमुळे आलं, ते मी नाकारत नाही. मेसेज आला तेव्हा मी वसतिगृहातून घरी जाणाऱ्या एस.टी.त होते, पेटी घेऊन.”

मी म्हणालो, की तुझं नाव येऊ नये एवढीच काळजी मी घेतली होती.

“ते बरोबर. मीच तसं म्हटलं होतं. वीस वर्षांची होते.” तिने कापूस दाबून धरला. “पण नंतर वाटत राहिलं, काका. माझं नाव छापलं असतंत, तर विचारायला आले असते ते माझ्याबद्दल. हिला पाच महिने का दिलं नाही, असं. नाव नव्हतं, म्हणून अंगठा शोधला. अंगठ्याला कोण काय विचारणार? आणि तुम्ही तर नाव विचारलंसुद्धा नाही. डागाचं माप घेतलंत.”

बाहेर ओहोटीचं पाणी कुठेतरी वळलं असावं. वाऱ्याला खारा वास आला. तिने इंजेक्शन दिलं. दुखलं नाही.

“विद्यावेतन आता येतं का वेळेवर?” मी विचारलं.

“माझ्याकडेही येतात मुली पोस्टिंगला. खात्यातच येतं. येतं तेव्हा येतं. या वेळी चार महिने झालेत. मी डबा जास्तीचा आणते, पण चारजणींचे हात रोज बघते आणि मलाही कळतं कोण कुठे काय करतंय. एक कोळंबी सोलते. मी पुढे जाते, मॅडम जायच्या तशी.”

“लिहू?”

तिने नोंदवहीत माझं नाव, वय, गाव लिहिलं. मग पेन माझ्यापुढे धरलं.

“लिहा. पण त्या पोरींच्या हातांचं काही लिहू नका. कोळंबी कुठली, कुठे सोलते, काही नाही. माझं नाव लिहा. चार महिने झाले, हे मी सांगते आहे म्हणून लिहा.”

“कंत्राटी नोकरी आहे तुझी. त्रास देतील.”

“काय करतील? बदली? याच्यापुढे समुद्रच आहे.”

मी वही नेलेली नव्हती. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बापाच्या नावासकट, तिने सांगितलं तसं लिहून घेतलं आणि एकदा वाचून दाखवलं. तिने एक काना दुरुस्त केला.

वरील माहिती देणाऱ्या परिचारिकेचं नाव : प्रज्ञा राजाराम शिर्के.